सासूनं टाकायचं, सुनेनं झेलायचं

२ मार्च

ही वही फुकट मिळाली म्हणून लिहिते. विकत आणून लिहिण्याइतकं माझं काही अडलेलं नाही. निळं कव्हर, वर सोनेरी बॉल, खाली फुटबॉल संघटनेचा शिक्का. काल सत्कार होता. सुनेला फुलांचा गुच्छ, मुलाला पेन, मला वही. अध्यक्ष म्हणाले, मातोश्री, आपल्या भावना यात लिहून ठेवा. माझ्या भावना वाचल्या तर त्यांना दोन घास कमी जातील, पण सांगितलंय तर लिहिते.

आमची सून देशाच्या बायकांच्या संघात गोलकीपर आहे. अध्यक्षांना एवढंही धड माहीत नव्हतं. स्टेजवरून म्हणाले, यांच्या गोलांनी देशाची मान उंचावली. गोलकीपरनं गोल घातले तर कुणाची मान उंचावेल, हे त्या माणसाला कुणीतरी विचारायला हवं होतं. मी पहिल्या रांगेत बसून मोठ्यानं हसले. मुलानं माझा हात दाबला. जपून वागणं त्यानं बापाकडून घेतलंय.

हेच अध्यक्ष पूर्वी या पोरींना मैदान द्यायचे ते पुरुषांचा सराव उरकल्यावर, दिवे मालवायच्या बेतात. शर्ट पुरुषांचे जुने, पिना लावून आवळलेले. आता जूनमध्ये जागतिक स्पर्धा आहे, सामने टीव्हीवर दिसणार आहेत, तर अध्यक्षांना एकदम देशाच्या लेकी आठवल्या.

सून कैक वर्षं दोन नंबरची गोलकीपर होती. म्हणजे हातमोजे चढवून बाकावर बसायचं आणि पहिलीचं बोट मुरगळायची वाट बघायची. ती म्हणते, मी कधी वाट बघितली नाही. मी मात्र मनापासून बघायचे. आता पहिलीनं खेळ सोडला आणि ही एक नंबरला आली. खेळाच्या हिशेबानं वय झालंय तिचं, त्यामुळे ही स्पर्धा पहिली आणि हीच शेवटची. हे ती तोंडानं बोलत नाही. पण परवा बूट पुसताना गुणगुणत होती, आणि तिला गळा अजिबात नाही.

९ मार्च

समोरच्या फ्लॅटमधली आली होती. तिला दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नाही. विचारते, खेळाडू सुनेशी तुमचं कसं जमतं हो? म्हटलं, मी तिला वस्तू फेकून मारते. ती कप धरून बसली ती बसलीच.

खोटं नाही ते. मुलगा हिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा मी धुमसत होते. बॉल अडवणारी बायको, म्हणजे घरात काय अडवेल कोण जाणे. ती पाठमोरी उभी राहून हात धूत होती. मी म्हटलं साबण घे गं, आणि वडी सरळ तिच्या डोक्यावर भिरकावली. तिनं मान न वळवता झेलली. वर म्हणाली, "ओली असती तर सुटली असती, आई." लग्न ठरायच्या आधीच आई म्हणाली. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मुलाला अजून वाटतं त्यानं मला पटवलं. वाटू दे.

तसं झेलणं मी ओळखते. आमचे हे छपरं कौलांनी शाकारायचे. हे वर, मी खाली. मी कौल फेकायचे, हे अधांतरी घ्यायचे. डोळे कामावर, हात कौलाकडे. आम्ही दिवसभर एक शब्द बोलायचो नाही आणि लोक म्हणायचे, काय जोडी आहे. बोललो असतो तर कळलं असतं जोडी कशी आहे ते.

तेव्हापासून घरात हा खेळ चालू आहे. नियम एकच, न सांगता टाकायचं. बटाटा, लिंबू, मोज्यांचा गुंडाळा, एकदा उशी. ती कधी चुकलेली नाही आणि मी कधी जिंकलेले नाही. मुलगा मध्ये येतो आणि त्याला लागतं.

२२ मार्च

काल दुपारी टीव्हीवर सामना होता, परदेशात, सरावाचा. सराव फक्त आमच्या बाजूनं होता, कारण त्यांच्यातली ती लांब पायांची ढांगळी मुलगी गुडघा पुढे करून खरीखुरी आली. सून बॉलवर झेपावली. बॉल हातात, गुडघा कानशिलावर. पडून राहिली.

मी टीव्हीला म्हटलं, ऊठ, नाटकं पुरेत. समोरची आमच्याकडेच बसली होती, ती रडायला लागली. तिला चहा करून दिला. ती म्हणाली, साखर फार झाली. असेल. एका गोलकीपरपायी मी साखर मोजत बसू का?

मग उठली. प्रशिक्षकानं बाहेरून अंगठा दाखवला, हिनं आतून अंगठा दाखवला, झाली तपासणी. त्या माणसाला मी शिट्टी म्हणते, कारण गळ्यात शिट्टी अडकवण्यापलीकडे तो काही करताना मला दिसलेला नाही. संघाची डॉक्टरीण नेलीच नव्हती. विमानात जागा नव्हती म्हणे. अध्यक्ष आणि त्यांचे मेव्हणे गेले होते, त्यांना जागा होती.

सामना सांगणारा माणूस ओरडत होता, वाघीण, वाघीण. पेपरवाले तिला मांजर म्हणतात. माणूस म्हणायची पाळी अजून कुणावर आलेली नाही.

२९ मार्च

जिंकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती कपडे घडी करत होती, मी डावीकडून लिंबू टाकलं, ते थेट कानावर. ती दचकली, मी टाळ्या वाजवल्या. मुलानं विचारलं काय झालं. म्हटलं, तुझी बायको म्हातारी झाली.

५ एप्रिल

पुन्हा जिंकले. मोज्यांचा गुंडाळा, गालावर. आता मला यात गोडी वाटायला लागली आहे.

१२ एप्रिल

चार लोकांनी कौतुक केलं की माणसाला जमीन दिसत नाही, हिला तर दाराची चौकटही दिसत नाही. येता-जाता डावा खांदा आपटते. काल चहा कपाच्या शेजारी ओतला आणि माझ्याकडे बघितलं, जणू कप मी सरकवला. खोलीत पडदे ओढून बसते. ऊन टोचतं म्हणे. आम्ही छपरांवर जन्म काढला, आम्हाला नाही टोचलं. म्हटलं, मांजराला निदान अंधारात दिसतं, तू बसून काय करतेस? हसली नाही. एरवी माझ्या भिकार विनोदाला पण हसते, तेवढी रीत आहे तिला.

मुलाला यातलं काही दिसत नाही. तो बायकोला बघतो ते फोटोत.

२० एप्रिल

आज तिनंच सांगितलं, आई, आणखी टाका. मुलगा कामावरून यायच्या आत पॅसेजमध्ये उभी राहिली, मी टोकाला खुर्चीवर. नियम तिनं मोडला, म्हणाली सांगून टाका. सांगून टाकण्यात काय मजा, पण टाकले. उजवीकडचं अलगद घेते, डावीकडचं सुटतं. पुन्हा टाका, पुन्हा टाका, असं करत माझा दंड भरून आला.

मी म्हटलं, अगं इतकी वर्षं घेत होतीस की. म्हणाली, "आई, तुम्ही फार तरबेज झालात."

बरं वाटलं. या वयात कुणी तरबेज म्हणत नाही. म्हणतात ते तब्येत कशी आहे.

मग म्हणाली, यांना सांगू नका हं, हा आपल्या दोघींचा खेळ. मी कशाला सांगतेय. मुलानं आल्यावर विचारलं, दोघी काय करत होता? म्हटलं, तुझी निंदा.

३ मे

रोज संध्याकाळी खेळतो. रोज मी जिंकते. तिच्या तोंडावरून वाटतं की तिला हरायला आवडत नाही. कुणाला आवडतं? मी कैक वर्षं हरले, मी कधी तोंड पाडलं का?

८ मे

आज टीव्हीवाले आले होते. स्पर्धेआधी प्रत्येक खेळाडूचं घर दाखवायचं आहे. कॅमेरे आले, दिवे आले, अध्यक्ष सगळ्यात आधी आले, शिट्टी आला, डॉक्टरीणही आली. डॉक्टरीण नवी आहे, पोरसवदा, चष्मा नाकावरून घसरतो. कोपऱ्यात बसून चहा पीत होती. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

आल्या आल्या त्यांनी माझी खाट हलवली, कारण ती फोटोत म्हातारी दिसते. मग एक मुलगी मला म्हणाली, आजी, तुम्ही काहीतरी घरगुती करा. मी कुणाची आजी नाही, झाले तर कळवीन. विचारलं, घरगुती म्हणजे काय करू, झोपू का? त्यांनी माझ्या मांडीवर लोकरीचा गुंडा आणि दोन सुया ठेवल्या. मी आयुष्यात विणलेलं नाही. मी कौलं फेकली आहेत. पण अध्यक्षांनी मान डोलवली. वा, मातोश्री विणतायत, सूनबाई बूट पुसतायत, असंच ठेवा.

मी थोडा वेळ सुया एकमेकींवर वाजवल्या. मग म्हटलं, या घरात खरं काय चालतं ते बघायचंय का? आणि गुंडा टाकला.

सून कॅमेऱ्याकडे बघत होती, मी बसले होते तिच्या डावीकडे. गुंडा तिच्या गालावर आपटून खाली गडगडला. सगळे हसले. मला चेव आला. म्हटलं, ही तुमची एक नंबरची. दीड महिना मीच जिंकतेय. डावीकडून टाकलं की हिला दिसतच नाही.

पुन्हा हशा. अध्यक्ष तर डोळे पुसायला लागले. डॉक्टरीण हसली नाही. तिनं कप खाली ठेवला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "आजी, परत एकदा टाकता?"

मी सुनेकडे बघितलं. तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, मी साबण फेकला तेव्हासुद्धा. मला वाटलं, हरल्याचा राग. लोकांसमोर हरवलं म्हणून.

मी टाकला. गुंडा पुन्हा गालावर. या वेळी कुणी हसलं नाही.

११ मे

सुनेला दोन दिवस दवाखान्यात यंत्रात घालून काढलं. डॉक्टरीण म्हणते, डोक्याला जो मार बसला त्यानं डावीकडचं दिसणं गेलंय. डोळा बरा आहे, आतून बिघडलंय. विश्रांती दिली तर काही महिन्यांत परत येईल, बहुतेक. आता खेळली आणि डोक्यावर पुन्हा एक बसला तर काय होईल ते ती सांगत नाही. बघते नुसती. शेवटी म्हणाली, स्पर्धा नाही.

काल परीक्षा पास झालेली पोर, बाकावर कैक वर्षं बसलेल्या बाईला सांगते स्पर्धा नाही.

मुलगा म्हणाला, "आई, तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्यावर आवाज चढवला. चढवायला चांगला मुहूर्त शोधला. मी म्हटलं, तू तिच्या शेजारी झोपतोस, तुला काय दिसलं? तो चपला शोधायला लागला. मी आणखी बोलणार होते, पण लिंबू कुणी टाकलं होतं ते मला आठवलं.

सून माझ्याशी बोलत नाही. वाईटसाईट काही बोलत नाही. आई, जेवायला वाढलंय, एवढं म्हणते. त्यापेक्षा एक थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

१४ मे

अध्यक्ष घरी आले, फळांची टोपली घेऊन. टोपलीवर गुलाबी कागद, जसं काही आमच्याकडे बारसं आहे. शहरभर सुनेचे फोटो लागलेत, बसच्या पाठीवर ती, पुलावर ती. तीच नसेल तर अध्यक्षांच्या मागे कोण झेप घेणार?

म्हणाले, डॉक्टरीण नवखी आहे, घाबरते. आमच्या ओळखीचे मोठे डॉक्टर आहेत, ते सगळं नीट बघतील. बघायच्या आधीच त्यांना नीट दिसलंय, हे माझ्या लक्षात आलं. मात्र एक अडचण आहे म्हणे. मी कॅमेऱ्यासमोर जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलंय. तेव्हा मातोश्रींनी परवा ऑफिसात यावं आणि समितीसमोर सांगावं की ती चेष्टा होती. दोघींनी आधी ठरवून केलेली गंमत. बस.

मी म्हटलं, मला खोटं बोलायला लावताय? म्हणाले, छे, तुम्ही विनोदी आहात हे तर सगळ्यांना माहीत आहे.

ते गेल्यावर मी टोपलीतलं सफरचंद घेतलं, टाकावं असं वाटलं, टाकलं नाही. ठेवून दिलं.

१५ मे

संध्याकाळी सून माझ्या खोलीत आली. खाटेच्या कडेला बसली, माझ्या उजव्या बाजूला, म्हणजे मी तिच्या डावीकडे. बोलताना सगळं अंग वळवावं लागत होतं तिला. हे मी आधी का बघितलं नाही कोण जाणे.

म्हणाली, "आई, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढं म्हणा. चेष्टा होती म्हणा."

मी म्हटलं, आणि दिसतं का तुला? म्हणाली, "मी मान वळवून घेईन. मी सराव करतेय ना तुमच्याबरोबर."

म्हणजे तो सराव होता. माझं तरबेज होणं वगैरे ते.

मी म्हटलं, म्हणते. त्यात काय. मी आयुष्यभर फुकट खोटं बोलत आले, एकदा कामासाठी बोलेन. तिनं माझा हात धरला, तोही पहिल्यांदा चुकला, मग सापडला.

१६ मे

आज गेलो. सगळं लिहून ठेवते, कारण मला यातलं निम्मं कळलेलं नाही.

टॅक्सीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला जरा हसवावं म्हणून मी हे कसे घाबरट होते ते सांगायला लागले. म्हटलं, शाळेचं मोठं छप्पर होतं, अर्धं झालेलं, पाऊस डोक्यावर, आणि यांच्या हातून एक कौल सुटलं. एक. माझ्या पायाशी येऊन फुटलं. फुटलं तर फुटलं, माझ्या हातात दुसरं तयार होतं. तर हे शिडी धरून खाली. कंत्राटदार ओरडतोय, मी ओरडतेय, आणि हे हात झटकून झाडाखाली बसले. आता आज नाही, म्हणाले. आज नाही, उद्याही नाही, चष्मा येईपर्यंत चढलेच नाहीत. छप्पर दुसऱ्यानं पुरं केलं. सगळ्या गावात आमचं हसं झालं.

ती म्हणाली, "बाबांना कुणी सांगितलं उतरायला?"

म्हटलं, वर सांगायला होतं कोण? स्वतःच उतरले. मी तर चांगली चिडले होते. म्हटलं, पडायची एवढी भीती होती तर हे काम घेतलं कशाला?

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मी पडायची गोष्ट नाही गं. खाली तू उभी आहेस."

मला वाटलं हसेल. मी पुढे यांच्या चष्म्याची नक्कलही केली, पण ती बाहेर बघत राहिली. पुलाखालून जाताना तिचाच फोटो आला, दोन्ही हात पसरून झेपावलेला. बराच मोठा. बाजूला अध्यक्ष.

ऑफिसात लांबलचक टेबल, त्याभोवती समिती, म्हणजे अध्यक्ष, शिट्टी, मेव्हणे, मोठे डॉक्टर आणि टोकाला डॉक्टरीण. मोठ्या डॉक्टरांनी सुनेकडे एकदा बघितलं आणि ठणठणीत म्हणून मान हलवली. मग मला उभं केलं.

मी चांगलं बोलत होते. खरंच चांगलं. म्हटलं, अहो ही माझी जुनी खोड. टीव्हीवाले येणार म्हणून आम्ही आदल्या दिवशी ठरवलं होतं, मी टाकीन, तू लागून घे, लोक हसतील. दीड महिना वगैरे मी पदरचं घातलं. मेव्हणे हसायला लागले. शिट्टीही मनातून सुटल्यासारखा वाटला. डॉक्टरीण एकटी खाली बघत होती. मला तिची जराशी कीव आली, पण मी थांबले नाही. मी म्हटलं, सासूवर विश्वास ठेवणाऱ्या डॉक्टर मी पहिल्यांदाच बघते.

सगळे खो-खो हसले. आणि सून उठली.

"आई, राहू द्या," म्हणाली. "मला डावीकडचं दिसत नाही. मार्चपासून दिसत नाही. धाकटीला उभं करा."

धाकटी म्हणजे दोन नंबरची गोलकीपर. हिच्या जागी बाकावर बसलेली पोर.

अध्यक्ष म्हणाले, बाई, विचार करा, तुमची पहिलीच मोठी स्पर्धा आहे. ती म्हणाली, हो, मला माहीत आहे कितवी आहे. आणि माझा दंड धरून बाहेर आली. चौकटीला खांदा लागला तिचा. कुणी हसलं नाही.

मी जिन्यात तिला चांगली फैलावर घेतली. मी एवढं सुंदर खोटं बोलत होते, सगळं जमलं होतं, आणि तूच पाणी ओतलंस. मग मला तरी कशाला आणलंस इथवर? ती एक पायरी खाली उतरून थांबली, मग बसलीच पायरीवर. तोंड गुडघ्यात घालून रडली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. मीही बसले. माझे गुडघे असे जिन्यात बसायचे नाहीत, पण बसले.

मग नाक पुसून म्हणाली, "पुढे दहा जणी उभ्या असतात, आई."

म्हटलं, असतील. त्यांना काय झालंय?

तिनं माझ्याकडे बघितलं आणि त्या रडण्यातच हसली. का ते सांगितलं नाही.

१९ मे

बसवरचे फोटो काढले. आता तिथे एका पंख्याची जाहिरात आहे. समोरची विचारून गेली, आता काय करणार सूनबाई? म्हटलं, तुमच्यासारखं लोकांच्या घरी बसणार.

३० मे

धाकटी आली होती. दारातच ताई म्हणून हिच्या गळ्यात पडली. मी मनात म्हटलं, जागा मिळाल्यावर गळ्यात पडायला काय जातं. दोघी दिवसभर जमिनीवर वाट्या आणि चमचे मांडून बसल्या होत्या. ही वाटी म्हणजे तू, हा चमचा म्हणजे ती ढांगळी, ती डावीकडून येते. माझ्या सगळ्या वाट्या खेळायला गेल्या, मी थाळीत चहा प्यावा अशी अपेक्षा असावी.

जाताना धाकटीनं मला वाकून विचारलं, आजी, मला पण काहीतरी टाकाल का? मी पर्स टाकली. तिची तिलाच. घेतली तिनं, पण दोन्ही हातांनी. अजून कच्ची आहे.

१४ जून

पहिला सामना. अध्यक्ष आधी टीव्हीवर येऊन म्हणाले, आमच्यासाठी खेळाडूची तब्येत सर्वात आधी. मी पडद्यावर चप्पल फेकणार होते, मुलानं काढून घेतली. मधल्या काळात त्याच्या अंगात जरा चपळाई आली आहे. हल्ली घरात तो बायकोच्या डाव्या बाजूनं चालतो. कुणी सांगितलं नाही त्याला. मीही काही म्हटलं नाही, नाहीतर लाजून सोडून देईल.

सून टीव्हीसमोर दिवा मंद करून बसली, हातात बूट पुसायचं फडकं, बूट नव्हतेच. धाकटी बाहेर धावली की हिचे खांदे हलायचे. शेवटी शेवटी त्या संघातली एक डावीकडून आत घुसली आणि सून उठून उभी राहिली, ओरडली, आता, आता निघ. आणि ती पोर निघाली. बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला.

सामना सांगणारा ओरडला, नवी वाघीण. जंगल भरत चाललंय.

एकच गोल बसला आणि हरल्या. सून म्हणाली, तो कुणाकडूनच थांबला नसता. मी म्हटलं, तुझ्याकडून? विचार केला तिनं. मग म्हणाली, मागच्या वर्षी थांबला असता. मी टीव्ही बंद केला. हिला नको तिथे खरं बोलायची खोड लागली आहे.

६ जुलै

स्पर्धा संपली. सगळ्या घरी आल्या. अध्यक्ष अजून परदेशातच आहेत. दौरा चालू आहे म्हणे, कसला ते कुणाला माहीत नाही. शिट्टीचा फोन आला होता, सुनेनं गोलकीपर पोरींना शिकवायला यावं म्हणतो. विचार करते म्हणाली. खेळायचा विषय दोघांनीही काढला नाही. डॉक्टरीण दर आठवड्याला बोलावते. मी बरोबर जाते. मी तिला म्हटलं, त्या दिवशी तुमची थट्टा केली ती मनावर घेऊ नका. तर ती चष्मा वर सरकवून म्हणते, आजी, तुम्ही गुंडा टाकला नसता तर मला कळलं नसतं. मला हे कौतुक आहे की टोमणा ते ठरवता आलं नाही. पोरगी वाटते तेवढी भोळी नाही.

२१ जुलै

घरातला खेळ मी बंद केला होता. कुणी ठरवलं नव्हतं. हात उचलतच नव्हता. टाकलंच काही तर उजवीकडून, तेही बेताचं, सांगून. साबण घे गं, लिंबू येतंय हं. ती घ्यायची आणि ओट्यावर ठेवून द्यायची.

आज ती ओट्याशी बटाटे सोलत होती. मी उजवीकडे जाऊन उभी राहिले, हातात लोकरीचा गुंडा. तोच, टीव्हीवाल्यांचा. न्यायला विसरले ते, मी आठवण केली नाही. म्हटलं, गुंडा येतोय.

तिनं सुरी खाली ठेवली. "आई, मला काय पाहुणी समजता का?"

म्हटलं, का?

"डावीकडे जा. आणि सांगू नका."

मी डावीकडे गेले. तिनं बटाटा उचलला, सोलायला लागली, मान खाली. मला तिचा गाल दिसत होता आणि तोच गाल मला टाकू देईना. मी नुसती उभी. शेवटी ती म्हणाली, आई, गुंडा किती चाचपताय, लोकर वाजतेय. लोकर काय वाजते होय. टाकला.

गालावर. खाली पडला, टेबलाखाली गेला. मी वाकून काढला. कमरेतून कळ आली, तिला सांगितली नाही.

पुन्हा टाकला. गालावर.

मग मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले, पाणी प्यायले, परत आले, गेले, आले, काही बोलले नाही, आणि तिला वाटलं आता ही कंटाळली, तेव्हा टाकला. तिचा डावा हात वर आला. उशिरा आला. गुंडा बोटांना लागला आणि उडून सिंकमध्ये पडला, ओला झाला.

ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मी म्हटलं, सुटला, मी जिंकले.

"लागला," ती म्हणाली. "पुन्हा टाका."

मी म्हटलं, मला दुसरं काम नाही का? आणि गुंडा पिळून घेतला.